वाचक विचारतात: सांताबाबा, प्लम नसलेला केक आणि वाकडं क्रिसमस ट्री

गेल्या महिन्यात सहज लिहिलं होतं की नाताळबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर एवढे प्रश्न आलेत की निम्मे पुढच्या वर्षाला ठेवावे लागणार. नावं छापत नाही, फक्त पेठ नाहीतर उपनगर लिहिते, पुण्यात तेवढ्यावरनंही लोक ओळखतात म्हणा. आणि आधीच सांगते, मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण लहानपण नाना पेठेत गेलं, क्वार्टर गेटपासून पाच मिनिटांवर, आणि वाड्यात समोरच्या दोन खोल्यांत एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहायचं. त्यांच्याकडच्या काकू खाली अधूनमधून येतील.

कोथरूडहून एक आजी विचारतात: नातू पाचवीत आहे. त्याने विचारलं, येशूचा जन्म 25 डिसेंबरला झाला हे कुणी लिहून ठेवलं? मी म्हटलं बायबलात असेल. तर आमचे हे पेपरमधनं डोकं वर काढून म्हणाले, छट, तो मूळ रोमन लोकांचा सूर्याचा सण, ह्यांनी ढापला. खरं काय ते सांगा, नातू रोज विचारतोय.

आजी, बायबलात तारीख नाही. महिनासुद्धा नाही. लूकच्या शुभवर्तमानात एवढंच आहे की मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते, आणि त्यावरनं काही जण म्हणतात की मग ती थंडी नसणार, कारण बेथलेहेमला डिसेंबरात गारठा आणि पाऊस दोन्ही असतं. मला हा मुद्दा तितकासा पटत नाही, आपल्याकडे धनगर ऐन थंडीत शेतात मेंढरं बसवून उघड्यावर झोपतातच की. पण मुद्दा असा की पहिली दोनशे-तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांना जन्मदिवसाचं फार पडलेलंच नव्हतं, त्यांचा मोठा सण म्हणजे ईस्टर. इ.स. 200 च्या आसपास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट नावाचा विद्वान लिहितो की जन्माची तारीख कुणी अमुक सांगतं कुणी तमुक, त्यात एक हिशोब 20 मेचा पण आहे. 25 डिसेंबर त्याच्या यादीत नाहीच.

ही तारीख पहिल्यांदा ठामपणे दिसते ती रोममध्ये, 354 साली तयार केलेल्या एका पंचांगवजा संग्रहात, आणि त्यातली ती यादी 336 च्या सुमाराची आहे असं अभ्यासक धरतात. आता तुमच्या ह्यांचा मुद्दा. ऑरेलियन बादशहाने 274 मध्ये 'अजिंक्य सूर्य' या देवाची पूजा राज्याच्या पातळीवर सुरू केली हे खरं आहे, आणि रोमन पंचांगात 25 डिसेंबर हाच सगळ्यांत लहान दिवस धरलेला होता, म्हणजे तिथून पुढे सूर्य परत जोर धरणार, हेही खरं. पण गंमत बघा, 25 डिसेंबरला सूर्याचा वाढदिवस असल्याची जुन्यात जुनी नोंद सापडते ती त्याच 354 च्या संग्रहात! एकाच पुस्तकात दोघांचे वाढदिवस. मग कुणी कुणाकडनं घेतलं हे छातीठोकपणे कसं सांगणार? दुसरं एक स्पष्टीकरण असं आहे की महापुरुषाचा मृत्यू आणि गर्भधारणा एकाच तारखेला होते अशी तेव्हा समजूत होती, क्रूसावरच्या मरणाची तारीख काही जणांनी 25 मार्च काढलेली, तिच्यात नऊ महिने मिळवले की आपोआप 25 डिसेंबर. मला विचाराल तर दोन्हीत थोडं थोडं तथ्य असावं. 'ढापला' हा शब्द तेवढा काकांनी मागे घ्यावा.

नातवाला आणखी एक सांगा, त्याला आवडेल. आपली मकरसंक्रांत पण मूळ ह्याच कुळातली, उत्तरायणाची, म्हणजे दिवस मोठा व्हायला लागतो त्याची. खरं उत्तरायण आता 21-22 डिसेंबरलाच सुरू होतं, पण आपली संक्रांत ताऱ्यांवर बांधलेली असल्यामुळे साधारण 70-72 वर्षांना एक दिवस अशी सरकत सरकत 14-15 जानेवारीवर येऊन बसलीय. उलटा हिशोब केला तर सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायण एकाच दिवशी येत होतं, म्हणजे तिकडे रोमात 25 डिसेंबर ठरत होता साधारण त्याच काळात. पाचवीतल्या मुलाला हे कळतं, मी स्वतःच्या भाचीवर करून बघितलंय, संत्रं आणि टॉर्च घेऊन बसायचं फक्त.

आणि तारखेचं सोडा, साल पण चुकलंय. इ.स. मोजायची पद्धत 525 मध्ये डायोनिसियस नावाच्या एका साधूने काढली आणि त्याचा हिशोब काही वर्षांनी हुकला. कारण येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा जिवंत होता असं बायबल सांगतं आणि हेरोद तर इ.स.पूर्व 4 मध्ये गेला असं बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व! हे वाक्य काकांना ऐकवा, दिवसभर खूश राहतील.

रास्ता पेठ: ख्रिसमस म्हणायचं की नाताळ? मुलगी म्हणते नाताळ हा डाउनमार्केट शब्द आहे.

मुलीला सांगा नाताळ हा चांगला परदेशी शब्द आहे, पोर्तुगीज. पोर्तुगीजमध्ये 'नाताल' म्हणजेच ख्रिसमस, मूळ लॅटिन, अर्थ जन्माचा. गोवा-वसईकडनं आपल्याकडे आला, पाव, बटाटा, साबण, चावी, पगार, पाद्री ह्यांच्याच बोटीतनं. पगार डाउनमार्केट वाटतो का विचारा तिला.

हडपसर, ॲमनोराच्या मागे: आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जोरदार भांडण झालं. एकाने टाकलं की सांताक्लॉज हा कोकाकोला कंपनीने जाहिरातीसाठी बनवला, म्हणून सोसायटीत सांता नको. दुसरे म्हणाले तो संत होता. तिसऱ्याने ग्रुप सोडला. कोण बरोबर?

ग्रुप सोडणारा.

बरं, गंमत सोडा. मूळ माणूस खरा, संत निकोलस, चौथ्या शतकातला, मायरा गावचा बिशप. हे मायरा आजच्या तुर्कस्तानात, समुद्रकाठी, गावाचं आताचं नाव देमरे. म्हणजे बर्फ, रेनडियर, उत्तर ध्रुव ह्याच्याशी ह्या माणसाचा काडीचा संबंध नाही, लिंबं-संत्री पिकणारा मुलूख तो. त्याची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट ऐकलीत तर एकदम आपल्याकडची वाटेल: एका गरीब बापाच्या तीन मुली, हुंड्याला पैसे नाहीत म्हणून लग्नं अडलेली, आणि हा रात्री गुपचूप खिडकीतनं सोन्याच्या नाण्यांची थैली टाकून जातो, एकेक करून तिघींसाठी. पुढे लोकांनी त्यात भर घातली की थैली वाळत घातलेल्या पायमोज्यात पडली, म्हणून मोजे टांगायचे. 1087 मध्ये इटालियन खलाशांनी त्याच्या अस्थी उचलून बारी शहरात नेल्या, त्या अजून तिथेच आहेत.

त्याचा सण 6 डिसेंबरचा. हॉलंडमध्ये पोरं आदल्या रात्री बूट बाहेर ठेवतात, त्याच्या घोड्यासाठी गाजर ठेवतात, तिकडे त्याचं नाव सिंटरक्लास. डच लोक न्यूयॉर्कला गेले, नाव बोलता बोलता झिजून सांताक्लॉज झालं. 1823 मध्ये तिकडच्या एका वर्तमानपत्रात आलेल्या कवितेने त्याला आठ रेनडियर, घसरगाडी आणि धुराड्यातनं उतरायची सवय दिली, आणि 1863 पासून टॉमस नास्ट नावाच्या व्यंगचित्रकाराने दाढी, ढेरी, फरचा कोट असं चित्र काढत काढत पक्कं केलं. कोकाकोलाची ती प्रसिद्ध चित्रं हॅडन सन्डब्लॉमने काढली, पण ती 1931 पासूनची. लाल डगल्यातला सांता त्याच्या कितीतरी आधीपासून होता. कंपनीने घडवला नाही, जगभर पोचवला मात्र नक्की. म्हणजे तुमच्या ग्रुपवर दोघंही अर्धे अर्धे बरोबर, आता सोसायटीत सांता आणायचा की नाही ते मीटिंगमध्ये ठरवा, फक्त ज्या कुणाला सांता कराल त्याला दुपारी तीनच्या उन्हात तो कापसाची दाढीवाला पोशाख घालून उभं करू नका, आमच्याकडे एका वर्षी एका सेक्रेटरींना चक्कर आली होती.

सहकारनगर: तीन वर्षांपूर्वी नर्सरीतून क्रिसमस ट्री आणलं, कुंडीत आहे, छान वाढतंय पण एका बाजूला कलतंय. काठी बांधली तरी कलतंच. शेंडा छाटू का? आणि सोबत आणलेल्या लाल पानांच्या झाडाला परत लाल पानं आलीच नाहीत, दुकानदाराने फसवलं का?

शेंडा छाटू नका! अगदी नका. तुमच्याकडे आहे ते बहुतेक अरॉकेरिया, आपल्या नर्सऱ्यांमध्ये क्रिसमस ट्री म्हणून तेच मिळतं. त्याचा शेंडा गेला की तो थरांचा सरळ आकार कायमचा बिघडतो. घरात असेल तर ते उजेडाकडे झुकतं, आठवड्याला कुंडी थोडी थोडी फिरवत राहा. पण जमिनीत लावलेली मोठी झाडं पण कललेली दिसतात, त्याचं कारण भारी आहे. अरॉकेरियातला कुक पाइन म्हणून एक प्रकार आहे, प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा, त्याची जगभरातली झाडं संशोधकांनी 2017 च्या सुमारास मोजली तर ती जवळजवळ सगळी विषुववृत्ताच्या दिशेला कललेली निघाली, सरासरी साडेआठ अंश. म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेला आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेला. पुण्यात एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात असं उंच झाड दिसलं तर बघा, होकायंत्र काढून बघा पाहिजे तर, स्वारगेटच्या बाजूला झुकलंय का कात्रजच्या ते. मी लष्करातल्या (म्हणजे पुणे कॅम्पातल्या) एका झाडाखाली मोबाइल धरून उभी होते तर वॉचमन काका येऊन म्हणाले मॅडम काही हरवलं का.

युरोपातलं अस्सल झाड मात्र हे नव्हेच, ते फर किंवा स्प्रूस. घरात झाड उभं करून सजवायची पद्धत जर्मन भाषेच्या मुलखातली, स्ट्रासबुर्गमधलं 1605 चं एक वर्णन आहे, झाडाला कागदाची गुलाबं, सफरचंदं, मिठाई टांगल्याचं. सफरचंद का तर 24 डिसेंबर हा आदाम-हव्वेचा दिवस असायचा आणि त्या नाटकात स्वर्गातलं झाड लागायचं. आजचे लाल चकचकीत गोळे म्हणजे तीच सफरचंदं, प्लास्टिकची झालेली. इंग्लंडात ही फॅशन पसरली ती 1848 मध्ये राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन नवरा अल्बर्ट ह्यांचं झाडाभोवतीचं चित्र छापून आल्यावर, आणि विजेच्या दिव्यांची माळ पहिल्यांदा 1882 मध्ये न्यूयॉर्कला, एडिसनच्या एका सहकाऱ्याच्या घरी. तोवर झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावायचे, शेजारी पाण्याची बादली ठेवून.

आता लाल पानं. ते झाड पॉइनसेटिया, मेक्सिकोतलं, आणि दुकानदाराने तुम्हाला फसवलेलं नाही, तुमच्या गॅलरीतल्या ट्यूबलाइटने फसवलंय. ती लाल दिसतात ती फुलं नव्हेत, पानंच आहेत, फुलं मधली पिवळी बारीक बोंडं. पानांनी लाल व्हायचं तर झाडाला सलग लांब रात्र लागते, तेरा-चौदा तास मिट्ट काळोख, आणि तोही दोन महिने. मध्ये कुणी रात्री नऊला दिवा लावला की झाडाला वाटतं दिवस उजाडला, परत पहिल्यापासून. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून संध्याकाळी सहाला त्याच्यावर खोकं उपडं घालायचं आणि सकाळी आठला काढायचं, नाहीतर गच्चीत जिथे रस्त्याचा दिवा पोचत नाही असा कोपरा बघायचा. पुण्यात असा कोपरा सापडला तर मलाही कळवा.

येरवडा: एक्समस लिहिणं म्हणजे ख्रिस्ताचं नाव खोडणं असं आमच्या ऑफिसात एकजण म्हणाला. खरं आहे?

नाही. तो इंग्रजी एक्स नव्हे, ग्रीक लिपीतलं 'खी' अक्षर आहे, तसंच दिसतं. ख्रिस्त हे नाव ग्रीकमध्ये त्याच अक्षराने सुरू होतं. जुना शॉर्टफॉर्म आहे, आपण चि.सौ.कां. लिहितो तसा.

धनकवडी: आमच्या शेजारी नवीन मराठी ख्रिस्ती कुटुंब आलंय. नाताळला त्यांनी डबा पाठवला तर त्यात करंज्या, चकल्या, शंकरपाळे! आम्हाला वाटलं केक असेल. हे असंच असतं का, का आमच्यासाठी मुद्दाम केलं? आणि डब्यात काय घालून परत द्यायचं?

असंच असतं, आणि किती छान असतं! ह्या प्रश्नाला मी जरा जास्त जागा घेणार आहे.

आमच्या वाड्यात दिवाळी वर्षातनं दोनदा यायची. एकदा आमची, मग दीड-दोन महिन्यांनी काकूंची. त्यांच्याकडे पण अनारसे जमले नाहीत तर तेवढीच रडारड व्हायची. फक्त एक पदार्थ आमच्याकडे नव्हता, कुलकुल. मैदा, रवा, नारळाचं दूध, थोडं तूप असं घट्ट मळायचं, सुपारीएवढी गोळी करायची, ती काट्याच्या उलट्या बाजूवर दाबून अंगठ्याने आपल्याकडे ओढत गुंडाळायची की शिंपल्यासारखी वळी पडते, पाठीवर रेघा आणि पोटात पोकळ. तळून वर साखरेचा पाक. घरात काटे दोनच होते म्हणून बाकीच्या पोरांना नवा कोरा कंगवा मिळायचा, तो कंगवा वर्षभर कुलकुलांसाठीच म्हणून ट्रंकेत गुंडाळून ठेवलेला असे. आम्ही सातआठ पोरं गोल बसायचो, कुणाचं कुलकुल उघडं राहिलं तर काकू न बोलता ते मोडून गोळी परत हातात द्यायच्या. तीन-तीन तास हे चालायचं आणि तळलेलं एकही खायला मिळायचं नाही, पंचवीस तारखेपर्यंत डबा वर फळीवर. गोव्याकडच्या लोकांच्यात ह्याच्या जोडीला दोदोल, बेबिंका, नेवऱ्या असतात, नेवरी म्हणजे तुमची करंजीच. वसईकडे आणखी वेगळं.

आणि गोठा! खोलीच्या कोपऱ्यात खोकी रचून वर भुरा कागद चुरगाळून डोंगर, अळीव पेरून हिरवळ, त्यात गाय, गाढव, मेंढपाळ. गव्हाणी मात्र रिकामी ठेवायची, बाळ 24 च्या मध्यरात्रीनंतर. आम्हा बाकीच्या पोरांना ह्यात काही नवीन वाटायचंच नाही कारण दिवाळीच्या किल्ल्याची तीच माती, तेच अळीव, आणि एका वर्षी तर मेंढपाळ फुटला म्हणून आमच्या किल्ल्यावरचा एक मावळा गोठ्यात पहाऱ्याला उभा होता, ढाल-तलवारीसकट. काकूंनी बघितलं, हसल्या, राहू दिला. हा गोठा मांडायची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसची म्हणतात, 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी त्याने खराखुरा बैल आणि गाढव आणून देखावा केला होता. तीन राजे तुम्ही बघाल त्यात, पण बायबलात ते राजे पण नाहीत आणि तीन हा आकडा पण नाही, पूर्वेकडनं आलेले मागी, म्हणजे ज्योतिष जाणणारे ज्ञानी लोक, एवढंच आहे. भेटी तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसं तीन धरली.

मराठीपणाचं म्हणाल तर ते वरवरचं नाही. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज पाद्र्याने गोव्यात बसून ख्रिस्तपुराण लिहिलं ते मराठीत, ओवीत, जवळपास अकरा हजार ओव्या, छापलं 1616 मध्ये. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या चौदा वर्षं आधी नाताळची गोष्ट मराठी ओवीत छापून तयार होती. नंतर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, नगरकडची ख्रिस्ती कीर्तनं, आपल्या पुणे जिल्ह्यातच केडगावला पंडिता रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर. काकू पोळ्या लाटताना टिळकांची भजनं म्हणायच्या आणि माझी आजी ओसरीवरनं टाळ्यांनी ताल धरायची, चाल ओळखीचीच असायची ना.

डब्यात काय द्यायचं? रिकामा देऊ नका एवढंच. संक्रांतीपर्यंत थांबून तिळगूळ-गुळपोळी घालून द्या, एवढा उशीर चालतो. आमच्याकडे काकूंची पितळी डबी अजून आहे, आमची स्टीलची त्यांच्याकडे.

औंध: प्लम केकमध्ये प्लम असतात का? आणि मुलं लहान आहेत, रम न घालता करायचाय.

नसतात. जुन्या इंग्रजीत प्लम म्हणजे मनुका-बेदाणे, सुकी फळं, तेच नाव चिकटलं. रमऐवजी संत्र्याचा रस घ्या: मनुका, काळ्या मनुका, खजूर, सुके अंजीर, टूटीफ्रूटी (हो, चालते, नाकं मुरडू नका) बुडेल इतक्या रसात एक उकळी आणायची, गार करून रात्रभर फ्रीजमध्ये. रमवाले दोन-दोन महिने मुरवतात, रसातलं तेवढं टिकत नाही, एक-दोन दिवसांत करून टाका. काळा रंग येतो तो जळलेल्या साखरेचा. साखर कढईत एकटी वितळवायची, गडद तपकिरी झाली, धूर निघायला लागणार असं वाटलं की गॅस बंद आणि उकळतं पाणी लांबनं थोडं थोडं, उडतं फार, चेहरा मागे. मी पहिल्या वेळी गार पाणी ओतलं होतं, छताला डाग अजून आहे. लवंग-दालचिनी-सुंठ-जायफळ घाला, आणि लगेच कापू नका, दोन दिवस थांबलात तर चव बसते. हे सगळं नको असेल तर लष्करातल्या बेकरीसमोर जाऊन रांगेत उभं राहा, तोही डिसेंबरचा एक विधीच आहे.

पिंपळे सौदागर: मुलांना 24 च्या रात्री पुण्यातलं एखादं जुनं चर्च दाखवायचंय. आम्ही हिंदू, चालतं का? कुठे जावं?

चालतं. कुणी विचारत नाही. मागच्या बाकावर बसा, फोन सायलेंट, सगळे उभे राहिले की उभं राहा. एकच लक्षात ठेवा, प्रसादासारखं दिसणारं जे देतात, ती भाकर, ती घ्यायला रांगेत जाऊ नका, ती त्यांच्यात दीक्षा झालेल्यांसाठी असते. मुलं जातात पटकन उठून, हात धरून ठेवा. वेळ आधी चौकशी करूनच निघा, काही ठिकाणी मध्यरात्रीची उपासना आता लवकर उरकतात.

कुठे म्हणाल तर क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च, ह्याची जागा 1792 मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली, पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती अधिकारी होते त्यांच्यासाठी. हो, शनिवारवाड्यात पेशवे नांदत असताना पुण्यात नाताळ होत होता. लष्करातलं सेंट मेरीज 1825 चं. पण मी असते तर मुलांना गुरुवार पेठेत पंचहौदला नेलं असतं, पवित्र नाम देवालय, 1885 चं, विटांचं, बाजूला घंटांचा वेगळा उंच मनोरा, आणि उपासना मराठीत असल्यामुळे मुलांना कळेल काय चाललंय. तिथेच ते चहाचं प्रकरण पण सांगता येईल. 1890 मध्ये गोपाळराव जोशांनी (आनंदीबाई जोशांचे यजमान, भयंकर खोडकर माणूस) व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली मोठमोठी मंडळी पंचहौद मिशनमध्ये जमवली, लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे सगळे, आणि पुढ्यात चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायलं, कुणी नुसता कप हातात धरला. आणि मग ह्याच गोपाळरावांनी यादी 'पुणे वैभव'मध्ये छापायला दिली! शहरात हाहाकार, ग्रामण्य (ख्रिस्त्यांकडचं घेतलं म्हणून जातीतून वाळीत टाकायचा वाद), प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांना शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहावरनं. आता त्याच गल्लीच्या तोंडाशी अमृततुल्य आहे, उपासनेनंतर मुलांना तिथे दूध पाजा.

सदाशिव पेठ: पूर्वीचा साधा नाताळ राहिला नाही. आता नुसता बाजार, पार्ट्या आणि धांगडधिंगा. धर्माशी ह्याचा संबंध काय?

हे तुमच्या आधी बऱ्याच जणांनी म्हटलंय. इंग्लंडमध्ये कडव्या प्युरिटन लोकांचं राज्य आलं तेव्हा 1647 मध्ये पार्लमेंटने नाताळ चक्क बंद केला, कारण तेच, लोक पितात, जुगार खेळतात, आणि बायबलात कुठे लिहिलंय. दंगली झाल्या. 1660 मध्ये राजा परत आला तेव्हा सण परत आला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. म्हणजे तो 'पूर्वीचा साधा नाताळ' शोधायला आपल्याला बरंच मागे जावं लागेल. बाकी स्पीकरबद्दल मी तुमच्या बाजूने आहे, पण मग गणपती-दहीहंडीचं पत्र पण येऊ द्या तुमचं, वाट बघते.

बाणेर: माझ्या टीममध्ये एक रशियन मुलगी आहे, ती 7 जानेवारीला सुट्टी मागते. तिचं कॅलेंडर वेगळं का? आणि आम्ही गॅलरीत चांदणी लावलीय, ती काढायची कधी?

तिचा नाताळ 25 डिसेंबरलाच आहे, फक्त जुन्या ज्युलियन पंचांगातला. 1582 मध्ये पोप ग्रेगरीने पंचांग सुधारलं, रशियन चर्चने आपल्या सणांसाठी ते घेतलं नाही, आता दोन्हीत 13 दिवसांचा फरक आहे. 2100 नंतर तो 14 होईल आणि त्यांचा नाताळ 8 जानेवारीला जाईल. युक्रेनने 2023 पासून बदलून 25 डिसेंबर केला. आर्मेनियन चर्चवाले वेगळ्याच कारणाने 6 जानेवारीला करतात. पुणेकरांना ह्यात नवल वाटायचं कारण नाही, टिळक पंचांगवाल्यांचा गणपती काही वर्षी दातेवाल्यांच्या महिनाभर आधी येतो की नाही? सुट्टी देऊन टाका.

चांदणी 6 जानेवारीला उतरवायची, तीन राजांचा सण, तिथे नाताळचे बारा दिवस संपतात. काकूंकडे त्याच दिवशी गोठा आवरायचे, आणि त्या वर्षी आमचा मावळा धुऊन परत आला. आणि बाणेरकर, तुम्ही पाठवलेल्या फोटोत चांदणीच्या शेजारी दिवाळीचा आकाशकंदील अजून लटकतोय. तो आधी काढा.